चौथी ओळ

"तो बघ, परत उतरवून घेतोय," लता माझ्या कानाशी लागली.

मी वळून पाहिलं नाही. मागच्या बाकावरून पेन्सिलीची खरखर मला ऐकू येतच होती. फळ्यापाशी पुण्याचे एक प्राध्यापक आपलं अर्धवट राहिलेलं गणित मांडत होते, बाकीचे हाताची घडी घालून ऐकत होते, आणि नांदेडकडचे प्राध्यापक गंगाधर कोटगिरे मात्र उद्या परीक्षा असल्यासारखे मान खाली घालून अक्षर न् अक्षर वहीत टिपत होते.

"आमच्या नागपुरात अशा माणसासमोर कोणी तोंड नाही उघडत," लता म्हणाली. "तू उद्या उघडणार आहेस ना? सांभाळ."

सांभाळ म्हणे! मी आधीच अर्धी झाले होते.

ही एकोणनव्वद सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. चिखलदऱ्याला एका निवासी शाळेत पाच दिवसांची संशोधन कार्यशाळा भरली होती. मुलं घरी गेलेली, म्हणून वर्ग आणि वसतिगृह आम्हा बारा गणितवाल्यांच्या ताब्यात. बोलावणारे डॉ. खांबेटे. साठी उलटलेला, खणखणीत आवाजाचा माणूस. त्यांच्या कार्यशाळेचा शिरस्ता एकच, आणि तो त्यांनी पहिल्याच सकाळी सांगून टाकला होता: "इथे पूर्ण झालेलं काम कुणी सांगायचं नाही. ते छापून येईलच. अडलेलं सांगा, कच्चं सांगा. फळ्यावर आलं ते सगळ्यांचं. ज्याला पुढे नेता येईल त्यानं न्यावं, फक्त ज्याचं त्याचं नाव घ्यावं. आणि संध्याकाळपर्यंत फळा कुणी पुसायचा नाही."

इतरांना हे फार आवडलं. मला मात्र नाही.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. मिरजेच्या एका महिला महाविद्यालयात आठवड्याला बावीस तास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात माझं ते एक काम करायचे. सात वर्षं करत होते. काम जाळ्यांचं. कागदावर ठिपके काढा, ते रेघांनी जोडा, झालं जाळं. एका विशिष्ट जातीच्या जाळ्यात ठिपक्यांची संख्या विषम असली की त्यात एक गुण हमखास सापडतो, हे मी सिद्ध केलं होतं. सिद्धता अजून कुणाला दाखवली नव्हती. संख्या सम असली तर काय होतं, ते मात्र कळत नव्हतं. त्याच्यामागे दीड वर्ष घालवलं आणि नाद सोडला. सात वर्षांत माझं म्हणावं असं एवढंच हाती होतं. नोकरीत बढती नाही, संसाराचं म्हणाल तर तो मांडलाच नाही, आणि माझ्या पीएच.डी.तलं सगळ्यात चांगलं प्रकरण माझ्या मार्गदर्शकांनी स्वतःच्या नावानं छापून मोकळं केलं होतं. विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, तुझं नाव आभारात आहे की!"

तेव्हा दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणारच. मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

पहिल्याच दिवशी दुपारी चहाच्या वेळी हे कोटगिरे माझ्यापाशी आले होते. उंच, काळेसावळे, पन्नाशीचे, गळ्याशी बटण लावलेला पांढरा शर्ट.

"तुम्ही दाबके बाई ना? मिरजेच्या?"

"हो."

"तुमच्या कॉलेजच्या वार्षिकात तुमचा एक लेख होता बघा, तीन वर्षांखाली. जाळ्यांचा. वाचलाय मी."

आमच्या कॉलेजचं वार्षिक आमच्या प्राचार्यांनीही वाचलं नसेल! ते नांदेडला कसं पोचलं? मी विचारलं तर म्हणाले, "मागवलं होतं." आणि लगेच पुढचा प्रश्न, "बाई, तुम्ही त्यात विषमच का घेतलंय? सम का नाही?"

नेमकं ठसठसतं तिथेच बोट ठेवलं होतं त्यांनी. मी "बघू, सांगेन" असं काहीतरी पुटपुटले आणि तिथून निघाले. रात्रभर डोक्यात एकच. याला इतकं कळलंय, म्हणजे हा माझ्या वाटेवरच आहे. आता मी उरलेला मालमसाला फळ्यावर मांडला की हा वहीत उतरवणार, गावी जाऊन छापणार, आणि माझं नाव पुन्हा आभारात.

दुसऱ्या दिवशी कळस झाला. शाळेच्या ऑफिसात एकच फोन होता. घरी ख्यालीखुशाली कळवायला मी गेले, तर आत कोटगिरे बोलत होते. ट्रंक कॉल, त्यामुळे आवाज चढलेला. बाहेर व्हरांड्यात सगळं ऐकू येत होतं.

"हो, दाबके बाई! मिरजेच्या! उद्या त्यांचं आहे. सगळं उतरवून आणतो मी. ... हो, रविवारच्या आत. ... आणि हे बघा, तोवर कुणाजवळ बोलू नका. अजिबात नाही."

मी फोन न करताच परत फिरले. खोलीवर आले. लताला सांगितलं. लता बोधनकर माझी खोलीतली सोबतीण, नागपूरच्या कॉलेजात शिकवायची, बोलायला फटकळ पण मनानं माझ्या बाजूची.

"आता तर हातच्या कांकणाला आरसा नको," ती म्हणाली. "तू उद्या काही सांगूच नको. तब्येत बरी नाही म्हण."

"आणि हा मग माझ्याआधी छापेल. त्याला निम्मं समजलेलंच आहे."

"मग काय करशील?"

मग एक कल्पना सुचली, आणि तुम्हाला खरं सांगते, सुचली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. सांगायचं, पण खोटं सांगायचं. चोर कुठल्या वाटेनं जाणार ते माहीत असेल तर खड्डा त्याच वाटेवर खणावा. हा ते छापेल, आणि छापून आल्यावर मी चारचौघांत उभी राहून विचारेन, "कोटगिरे सर, ही ओळ तुम्हाला मिळाली कुठून?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फळ्यापाशी गेले. माझ्या सिद्धान्तात जिथे "विषम" होतं तिथे मी "कितीही" असं लिहिलं. खाली सिद्धतेच्या पाच ओळी. पहिल्या तीन खऱ्या. चौथी मी रचली. जे विषम ठिपक्यांना लागू पडतं तेच समांनाही पडतं, असं तिच्यात ठोकून दिलं. माझ्याकडे तिला काडीचा आधार नव्हता. उलट दीड वर्ष डोकं फोडून जे मला आलं नाही ते खोटंच असणार, असा माझा अहंकार होता. पाचवी ओळ मग आपोआप येत होती.

मागे पेन्सिल खरखरत होती. मग थांबली.

"बाई, चौथी ओळ कशी येते?"

मी तयारीत होते. "ती सोपी आहे हो सर. बसलात की येईल."

"सम संख्येला पण?"

"हो, समालाही."

"तुम्ही तपासलंय?"

"मग काय! दीड वर्ष तेच करत होते."

या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं. त्यांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. नंतर "वा! वा बाई!" असं म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले. खांबेटे सरांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. मी खाली येऊन बसले तेव्हा लतानं माझ्या हाताला चिमटा काढला, आणि आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या तोंडाला पदर लावून हसलो.

चौथ्या दिवशी कोटगिरे नाश्त्याला आले नाहीत. जेवायलाही नाहीत. त्यांच्या खोलीतल्या माणसानं सांगितलं, "सकाळी पाचपासून कागद काळे करतायत. मला म्हणाले, आज माझ्याशी बोलू नका."

"अडकला बेटा," लता म्हणाली. "पोस्टात टाकायची घाई झालीये."

मलाही तेच वाटलं. आनंद व्हायला हवा होता, पण घास काही गोड लागला नाही. दुपारी बाहेर चक्कर मारताना त्यांच्या खिडकीतून आत नजर गेली. टेबलावर कागदांचा ढीग, आणि हा माणूस उभा राहून हातवारे करत स्वतःशीच बोलत होता. चोरीचा माल उतरवून काढायला एवढी मेहनत कशाला लागते, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. नाही पडला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं, त्यातली गत.

पाचव्या दिवशी सकाळी, समारोपाच्या आधी, खांबेटे सर म्हणाले, "कोटगिरेंना अर्धा तास हवाय."

कोटगिरे उठले. डोळे तांबडे झाले होते, शर्टाचं गळ्याशी लावलेलं बटण उघडं. वर्गात तीन फळे होते, तिन्ही त्यांनी भरले. शाळेत भूमितीत लिहायचो तसं, डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण. मी पहिल्यांदा दोष काढायच्या नजरेनं बघत होते. दुसऱ्या फळ्यावर आले तोवर ते विसरले. तिसऱ्यावर मला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. असं काही सुंदर मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही फार पाहिलं नाही. माझा सिद्धान्त त्यात एका कोपऱ्यात मावत होता. त्यांनी तो कुठल्या कुठे नेला होता. माझ्या जाळ्यांच्या एका जातीसाठी नाही, सगळ्या जातींसाठी.

"हे सगळं बाईंमुळे," खडू खाली ठेवत ते म्हणाले. "मी अकरा वर्षं यावर बसलेलो. मला सम-विषमाचं कोडं सुटत नव्हतं. बाईंच्या चौथ्या ओळीनं सोडवलं. मी फक्त तिथून पुढे चाललो."

आणि मग मला ते दिसलं. पहिल्या फळ्यावर, वरून चौथ्या ओळीसमोर, कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: दाबके.

नुसतं तेवढंच. बाकी प्रत्येक ओळीला गणिताचं कारण होतं. त्या एका ओळीला कारण मी होते, आणि तिन्ही फळ्यांचा डोलारा त्या एका नावावर उभा होता.

"शैलजा," खांबेटे सर म्हणाले, "ये, चौथी ओळ पूर्ण करून दे. दोघांच्या नावानं आजच पाठवू. हे परदेशातसुद्धा वाचतील."

मी जागची हलले नाही.

"लांबलचक असेल तर आत्ता नको. घरी गेल्यावर पोस्टानं पाठव. काय घाई आहे?"

सरांनी पळवाटच हातात दिली होती हो! नुसतं "पाठवते" म्हणायचं होतं. पुढे चार महिने तब्येत, परीक्षा, पेपर तपासणी, हजार सबबी होत्या. सात वर्षं मी ज्याची वाट बघितली ते नाव समोर खडूनं लिहिलेलं होतं. लता कोपरानं ढोसत होती, "ऊठ ना, ऊठ."

मी उठले. फळ्यापाशी गेले.

"माझ्याकडे चौथ्या ओळीची सिद्धता नाही," मी म्हणाले.

"म्हणजे राहिलीय थोडी?" कोटगिरेंनी विचारलं.

"अजिबात नाही. ती ओळ मी रचली होती. मला विषमाचं येतं, समाचं येत नाही. कधीच आलं नाही."

कोटगिरे माझ्याकडे असे बघत होते, जसं मी एकदम परक्या भाषेत बोलायला लागले आहे.

"मग सोपी आहे असं का म्हणालात?"

"तुम्ही चोरून छापाल असं वाटलं म्हणून. तुम्ही सगळं उतरवून घेत होतात. फोनवर बोलताना ऐकलं मी. कुणाजवळ बोलू नका म्हणालात."

ते चिडतील, ओरडतील, या तयारीनं मी उभी होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश आपल्या बाकाकडे गेले, वही आणली आणि माझ्या हातात दिली.

"बघा," एवढंच म्हणाले.

मी वही उघडली. प्रत्येक पानाला समास आखलेला, आणि समासात प्रत्येक विधानापुढे नाव. कुणी चहा पिताना एखादं वाक्य बोललं असेल तर तेसुद्धा: "बोधनकर बाई, जेवताना." माझ्या पानावर सगळ्यात वर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: "दाबके बाईंचं. अजून छापलेलं नाही. बाहेर बोलायचं नाही."

"आमच्याकडे लायब्ररी नाही बाई," ते म्हणाले. "आम्ही पाचजण मास्तर दर रविवारी बसतो. कुणी एकजण कुठे गेला की त्यानं सगळं उतरवून आणायचं. चौघं वाट बघत असतात. त्यांना फोन केला होता."

मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "सर, मला माफ करा," मी म्हणाले.

त्यांनी डस्टर उचललं. खांबेटे सर "अहो, असू द्या, फळा पुसायचा नाही" म्हणेपर्यंत त्यांनी तिसरा फळा खालून वर पुसायला घेतला होता. मग दुसरा. मग पहिला. चौथ्या ओळीशी हात थबकला, मग तीही गेली. हातावरची धूळ झटकून ते म्हणाले, "फळा मोकळा झाला. विषमाचं तर खरं आहे ना? ते मांडा. चांगलं आहे ते."

"सर, मी आत्ता..."

"मांडा बाई. माझी वही तेवढी द्या."

मी मांडलं. मागच्या बाकावर पेन्सिल चालू होती. माझ्या कामाची ती त्यांनी घेतलेली नोंद, माझं पहिलं खरं कौतुक, मला ऐकवत नव्हती.

माझा सिद्धान्त पुढच्या वर्षी छापून आला. माझ्या एकटीच्या नावानं. तो कुणीही चोरला नाही, कारण खरं सांगायचं तर एवढा मोठा तो नव्हताच. खांबेटे सरांनी कार्यशाळेच्या वृत्तान्तात कोटगिरेंचं तीन फळ्यांचं काम छापलं, "चौथी ओळ खरी असेल तर" अशा अटीवर. मी कोटगिरेंना दोन पत्रं पाठवली. दोन्हींची उत्तरं आली, साधी, नीटनेटकी, गणिताविषयी. राग नव्हता, आणि "या एकदा नांदेडला" असंही नव्हतं. पुढे मीही त्या ओळीमागे पुष्कळ वर्षं लागले. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. हाती काही आलं नाही, आणि मी निवृत्त झाले.

गेल्या पावसाळ्यात केरळातल्या एका तरुण मुलीचा शोधनिबंध माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. सत्तावीस पानं. तिनं चौथी ओळ सिद्ध केली होती. कितीही ठिपक्यांसाठी. मी तीन आठवडे शब्द न् शब्द तपासला, कुठेही भोक नव्हतं. ओळ खरी होती. म्हणजे ते तिन्ही फळे खरे होते, वरपासून खालपर्यंत, पुसले त्या सकाळीसुद्धा. पहिल्याच पानाच्या तळाशी टीप होती: "हे विधान प्रथम शै. दाबके यांनी १९८९ साली केले व नंतर मागे घेतले."

मी नांदेडचा नंबर शोधून काढला आणि फोन केला. त्यांच्या मुलीनं उचलला. सर जाऊन चार वर्षं झाली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"दाबके बाई? मिरजेच्या?" ती म्हणाली. "बाबा तुमचं नाव नेहमी घ्यायचे. शेवटपर्यंत त्या एका ओळीवर बसायचे ना. आई म्हणायची, अहो, त्या बाईच खोटं म्हणाल्या, आता सोडा की. तर म्हणायचे, त्या मला घाबरल्या होत्या म्हणून तसं बोलल्या. माणसाशी माणूस खोटं बोलतो. फळ्यावर कोण खोटं लिहील?"

"तेच सांगायला फोन केला होता. ती ओळ खरी निघाली. एका मुलीनं सिद्ध केलीय."

"अगंबाई!" ती जवळजवळ ओरडलीच. "म्हणजे बाबांचंच बरोबर होतं. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं!"

फोन करण्याआधी मी सगळं जुळवून ठेवलं होतं. की मी ती ओळ खोटी समजूनच लिहिली, समोर बसलेल्या भल्या माणसाला खड्ड्यात घालायला लिहिली, आणि हे तुम्हाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

"हो," मी म्हणाले. "त्यांचं बरोबर होतं."